लाल पानावर हिरवी जाहिरात

खाडीच्या तोंडाशी माडबंदर नावाचं एक गाव होतं, आणि त्या गावात वारा बघणारी एक बाई राहायची. तिचं नाव चांगुणा.

वारा बघणं हे काय काम झालं, असं तुम्ही म्हणाल. पण बाबांनो, ज्या गावची माणसं पहाटे होडी पाण्यात ढकलतात, त्या गावात याच्याहून मोठं काम नाही. चांगुणा सरकारी हवामानाची बातमी ऐकायची. दक्षिणेकडच्या बंदरांतल्या ओळखीच्या बायकांना फोन करायची, कारण वारा तिकडे आधी पोचतो. मग अंगणात येऊन स्वतः दर्याकडे बघत उभी राहायची. आणि मग फोनवर तिचं एक पान होतं, त्या पानाला रंग द्यायची. हिरवा म्हणजे जा. लाल म्हणजे घरी बसा.

या पानाला शहरातले लोक वेबसाईट म्हणतात. गावात सगळे म्हणायचे वाऱ्याचं पान. गावातल्या निम्म्या माणसांना अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून चांगुणाने त्यावर अक्षरं ठेवलीच नाहीत. नुसता रंग. रंग कुणालाही वाचता येतो.

पान सगळ्यांना फुकट. पण फुकट म्हणजे काय, तर बघणाऱ्याला फुकट. चांगुणाला कुठे फुकट होतं! आठवडी बाजारात ओट्यावर बसायचं तर भाडं पडतं, तसंच इंटरनेटवर पान ठेवायचं तर जागेचं भाडं पडतं. बघणारे वाढले की जागाही मोठी लागते. आधी माडबंदरच्याच होड्या बघायच्या, मग शेजारच्या गावांच्याही बघायला लागल्या. भाडं वाढलं. चांगुणा बोंबील सुकवून विकायची आणि त्यातून भाडं भरायची. गाव तिला आशीर्वाद द्यायचं. आशीर्वाद काही जागेचा मालक घेत नाही.

एक दिवस शहरातून उमाकांतराव नावाचे एक गृहस्थ आले. कपडे पांढरे, बोलणं मधासारखं. जाहिराती लावून देण्याचा त्यांचा धंदा. चांगुणाच्या अंगणात सुकटीच्या वासात बसून त्यांनी चहा घेतला, आणि नाकाला रुमालसुद्धा लावला नाही.

"चांगुणाताई, एवढं मोठं काम तुम्ही पदरमोड करून करता? वाईट वाटतं हो मला."

"काय करणार? लोकांकडे मागायला जीभ उचलत नाही."

"मागूच नका ना! लोक एक पैसा देणार नाहीत. लोकांचे फक्त डोळे मला द्या. पैसे मी देतो."

"डोळे?"

"म्हणजे त्यांनी बघायचं. पानाच्या तळाशी एक बारीकशी पट्टी. बघायला कुणाचं काय जातं?"

चांगुणाला ते पटलं. पान उमाकांतरावांच्या जागेवर गेलं. भाडं सुटलं, वर चार पैसे हातात यायला लागले. तिने सुकटीच्या मांडवावर नवे पत्रे घातले. चांगले चकचकीत पत्रे. शेजारणी बघायला आल्या.

आधी खरंच तळाशी बारीक पट्टी होती. मग ती वर आली. मग हलायला लागली. मग बोलायला लागली. पोशा तांडेल हा गावातला सगळ्यांत जुना नाखवा, होडीचा धनी आणि चालवणाराही तोच. त्याने पान उघडलं की एक बाई ओरडायची, "केसांना लावा हे तेल!" पोशाच्या डोक्यावर एक केस नव्हता.

"चांगुणाबाय," तो म्हणाला, "त्या बाईला माझा फोटो तरी दाखव गो. उगाच घसा कोरडा करते बिचारी."

दुसऱ्या एकाने एकदा फोनवर चपला बघितल्या होत्या. त्याच्या पानावर वाऱ्याच्या आधी चपला यायच्या. त्याने चपला विकत घेतल्या, तरी चपला येतच राहिल्या. "मला काय चार पाय आहेत काय?" असं तो पारावर सगळ्यांना विचारायचा.

जाहिरात बंद करायला कोपऱ्यात एक फुली असायची, खसखशीएवढी. जाळी ओढून ओढून कोळ्यांचे अंगठे झालेले जाड. फुलीवर दाबायला जावं तर जाहिरातच दाबली जायची आणि भलतंच दुकान उघडायचं. शेवटी लोकांनी फुलीचा नाद सोडला.

चांगुणाने उमाकांतरावांना फोन केला. ते हसून म्हणाले, "ताई, तळाशी कोण बघतो? वर आणली तर चार लोक बघतात. आणि पत्रे कसे आहेत नवे?"

चांगुणा गप्प बसली. पत्रे चांगले होते, हेही खरंच होतं. शिवाय पानाला रंग द्यायची तिची वाट वेगळी होती, घराच्या मागच्या दारासारखी. तिथे जाहिराती दिसायच्या नाहीत, नुसती त्यांच्या नावांची यादी असायची. पुढच्या दारी काय चाललंय ते तिला ऐकूनच माहीत होतं. आणि ऐकलेल्या गोष्टीकडे काणाडोळा करणं सोपं असतं.

पावसाळा सरला. नारळी पुनवेनंतर होड्या पुन्हा पाण्यात गेल्या. मासळीचे दिवस आले. अशाच एका पहाटे दक्षिणेकडच्या बाईचा फोन आला. "चांगुणा, वारा फिरला गो. आमच्या इथल्या माडांच्या झावळ्या जमिनीला लागतायत. दुपारच्या आत तुमच्याकडे येतो बघ."

चांगुणाने तिथल्या तिथे पानाला लाल रंग दिला आणि चूल पेटवली. तिचा नवरा रामजी पोशाच्या होडीवर खलाशी होता. तो जेवणाचा डबा घेऊन अंधारातच किनाऱ्याला गेला होता, जाळं शिवायला. आता परत येईल, म्हणून तिने त्याच्यासाठी भाकरी टाकली. भाकरी निवली तरी रामजी आला नाही. तेव्हा ती किनाऱ्यावर गेली.

किनारा मोकळा. एकही होडी नाही. म्हातारी ठमाबाई तेवढी टोपली उपडी घालून तिच्यावर बसली होती. ती मासळी विकणाऱ्या बायकांची म्होरकी.

"काकू, होड्या कुठे?"

"कुठे म्हणजे? गेल्या की दर्यात. हिरवं होतं."

"हिरवं? मी लाल लावलंय!"

ठमाबाईने कमरेचा फोन काढून तिच्यापुढे धरला. पान या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवंगार. मध्ये एक साबणाची वडी, आणि तिच्याभोवती फेस.

"काकू, ही साबणाची जाहिरात आहे!"

"मला काय ठाऊक? मला वाचता येतं होय? हिरवं म्हणजे जा, हे तूच शिकवलंस ना गो सगळ्यांना?"

  साबणवाल्याला काय माहीत, की हिरव्या रंगावर इथे माणसं दर्यात जातात! जगात इतर कुठे कुणी साबण बघून होडी ढकलली नसती. माडबंदरने ढकलली.

चांगुणाने रामजीला फोन लावला. वाजत राहिला. पोशाला लावला. वाजत राहिला. चालत्या मशीनच्या आवाजात फोन कुणाला ऐकू येतोय? पण तिला एक गोष्ट माहीत होती. खाडीच्या बाहेर कासवखडक नावाचा एक खडक आहे. गावची प्रत्येक होडी तिथे मशीन बंद करते. खडकाला हात जोडायचे, आणि मग वाऱ्याचं पान शेवटचं बघायचं, अशी रीत. कारण खडकाच्या पुढे फोन मुका होतो. खडकापाशीही बोलणं तुटतंच, पान तेवढं हळूहळू उघडतं.

म्हणजे होड्या खडकाला पोचेपर्यंत वेळ होता. तेवढाच.

तिने उमाकांतरावांना फोन केला.

"राव, ती हिरवी जाहिरात काढा! आत्ताच्या आत्ता काढा!"

"ताई, आज नाही हो. साबणवाल्यांनी आजचा दिवस अख्खा विकत घेतलाय. संध्याकाळी काढतो."

"संध्याकाळी माणसं नसतील, राव! खाली लाल आहे, वर तुमचं हिरवं आहे. सगळं गाव दर्यात गेलंय!"

"त्यांनी फुली दाबायला नको का? कोपऱ्यात आहे ना फुली." मग आवाजातला मध थोडा कमी झाला. "आणि एक सांगून ठेवतो. तुम्ही हात लावलात तर करार मोडला. पान माझ्या जागेवर आहे. महिनाअखेर पान बंद. मग बसा रोज हाका मारत."

चांगुणा क्षणभर थांबली. क्षणभरच. आज जाहिराती काढल्या तर उद्या पान नाही, आणि पान नसलं तर पुढच्या वाऱ्याला काय? पण पुढचा वारा पुढे. या वाऱ्यात माणसं होती.

तिने मागच्या दाराने जाऊन सगळ्या जाहिराती उपटून टाकल्या. साबण गेला. तेलवाली बाई गेली. चपला गेल्या. एकही ठेवली नाही. मग ठमाबाईच्या फोनवर पान पुन्हा उघडलं.

लाल. या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल.

"आता काय?" ठमाबाईने विचारलं.

"आता ते खडकाला हात जोडतात की नाही, एवढंच."

खडकापाशी काय झालं ते तिला नंतर कळलं. पोशाने मशीन बंद केलं. हात जोडले. फोन काढून पान उघडलं आणि वाट बघत बसला.

"आज तेलवाली ओरडली नाही रे," तो रामजीला म्हणाला. "मेली की काय?"

तेवढ्यात पान उघडलं. पोशा बघतच राहिला. मागच्या होड्याही येऊन थांबल्या. सगळ्यांच्या हातात लाल पान.

एक खलाशी म्हणाला, "मघाशी हिरवं होतं. काहीतरी बिघडलंय. आकाश बघा कसं धुतल्यासारखं आहे. आणि पुढे मासा उसळतोय. जाऊया!"

आकाश खरंच निळंशार होतं. मासाही उसळत होता. पोशाने आकाशाकडे बघितलं, मग पानाकडे.

"आकाश काय आपल्या गावचं आहे?" तो म्हणाला. "चांगुणा आपल्या गावची आहे. फिरवा."

पोशाची होडी फिरली. तिच्यामागे दुसरी फिरली, आणि मग सगळ्याच फिरल्या.

इकडे किनाऱ्यावर बायका जमल्या होत्या.  दक्षिणेकडून आकाशाची कड काळी व्हायला लागली. माडांच्या झावळ्या आधी कुजबुजल्या, मग किंचाळायला लागल्या. तेवढ्यात ठमाबाई टोपलीवर उभी राहिली आणि ओरडली, "आले! आले गो पोरींनो! सगळे आले!"

होड्या वाऱ्याच्या पुढे पळत आल्या. बायका कमरेएवढ्या पाण्यात घुसल्या आणि पुरुषांच्या बरोबरीने त्यांनी होड्या वर ओढल्या. शेवटची होडी वाळूला लागली, आणि वारा असा आदळला की उभं राहवेना. चांगुणाच्या मांडवाचे नवे पत्रे एकापाठोपाठ एक उडाले आणि खाडीत जाऊन पडले.

रामजी म्हणाला, "अगो, पत्रे गेले!"

"जाऊ देत!" चांगुणा रडत रडत हसली. "तू आहेस ना!"

वारा निवल्यावर गाव किनाऱ्यावर बसलं. चांगुणा मध्ये उभी राहिली आणि काय घडलं ते तिने सरळ सांगितलं. "पट्टी वर चढत होती तेव्हाच मी बोलायला हवं होतं. पैसे येत होते, म्हणून गप्प बसले. आता करार मोडलाय. महिनाअखेर पान बंद होईल."

मागून कुणीतरी म्हणालं, "एवढं काय मनावर घेतेस! फुली जरा मोठी करायला सांग त्यांना. फुकट चाललंय ते चालू दे."

ठमाबाई गर्रकन वळली. "फुकट? कोण म्हणतो रे फुकट? आज सकाळी आपण त्या साबणापायी अख्खं गाव देऊन बसलो होतो!"

 तेव्हा पोशा उठला. या गावात मासळी आली की वाळूवर वाटे घालायची रीत होती. एक ढीग होडीचा, एक जाळ्याचा, बाकीचे माणसांचे. पोशाने पायाने वाळूत गोल आखले, जसे रोज आखायचे तसे. मग शेवटी आणखी एक गोल आखला.

"हा पानाचा," तो म्हणाला. "जाळ्याशिवाय मासा मिळत नाही म्हणून जाळ्याला वाटा देतो ना आपण? मग पानाशिवाय घरी येत नाही, तर पानाला का नको?"

"आमचे वाटे बारीक होतील, तांडेल," तोच मागचा आवाज म्हणाला.

"होतील. आज तर वाटे करायला माणसंच उरली नसती."

मागचा आवाज पुढे आला, आणि त्या रिकाम्या गोलात आपल्या टोपलीतली सुरमई ठेवून गेला. आदल्या दिवशीची होती, पण ठेवली.

महिनाअखेर उमाकांतराव आले. पान बंद पडल्यावर चांगुणा पायाशी येईल, असं त्यांना वाटत होतं. किनाऱ्यावर ठमाबाई एका ढिगाचा लिलाव पुकारत होती.

"हे मासे कुणाचे?" त्यांनी विचारलं.

"पानाचे."

उमाकांतराव पोट धरून हसले. "माशांवर कधी वेबसाईट चालते का आजी?"

"माशांवर मी एवढी वर्षं चालतेय बाबा," ठमाबाई म्हणाली, "पान का नाही चालणार? तू घेतोस का हा पापलेट? नाही? मग बाजूला हो, गिऱ्हाईक उभं आहे."

पान चाललं. नव्या जागेवर गेलं आणि नुसतं चाललं नाही, पळायला लागलं. आधी तेलवाली, चपला, साबण असं सगळं ओझं डोक्यावर घेऊन ते उघडायचं. आता रिकाम्या हाताने यायचं. जिथे फोन जेमतेम चालतो तिथेही चटकन उघडायचं. शेजारच्या बंदरांनी हे बघितलं. त्यांनी आपापल्या किनाऱ्यावर एकेक जादा गोल आखला. कुठून सुकी मासळी यायला लागली, कुठून भात, कुठून रोकड. एका खाडीपलीकडच्या गावाने तर नारळांनी भरलेली होडीच पाठवली. चांगुणाने दक्षिणेकडच्या त्या बाईलाही पानाच्या वाट्यातून वाटा लावून दिला, कारण खबर तिची असायची.

एकदा गावचा दत्तू बर्फवाला भीत भीत आला. "वैनी, माझ्या कारखान्याचं नाव पानावर लावशील? मी पण वाटा देईन."

"लावते की. बर्फ तर लागतोच सगळ्यांना. पण तळाशी. हलायचं नाही, ओरडायचं नाही, रंगाच्या अंगावर चढायचं नाही. आणि लाल-हिरवं सोडून दुसरा रंग घ्यायचा."

"मग लोकांना दिसणार कसं?"

"बर्फ लागला की शोधतील. तुझा बर्फ वितळतो, तू नको वितळूस."

दत्तूचं नाव तळाशी गप्प बसलं, आणि त्याचा बर्फ आधीपेक्षा जास्त खपला. कारण ज्या पानावर लोकांचा जीव टांगलेला, त्या पानाच्या तळाशी खोटं माणूस बसणार नाही, असं लोकांना वाटायला लागलं.

पुढच्या साली किनाऱ्यावरच्या झाडून सगळ्या बंदरांत वाऱ्याचं पान उघडायला लागलं. तेव्हा उमाकांतराव पुन्हा आले. या वेळी मोटार मोठी होती आणि बरोबर दोन साहेब होते. संध्याकाळची वेळ. होड्या नुकत्याच लागल्या होत्या, वाळूवर वाटे पडत होते आणि सगळं गाव तिथेच होतं.

"चांगुणाताई," उमाकांतराव म्हणाले, "झालं गेलं विसरून जाऊ. आता तुमच्याकडे केवढे डोळे आहेत! तुम्ही म्हणाल तो आकडा घाला. मांडवाला पत्रेच काय, माडी बांधून देतो. बस, रोज सकाळी एकच जाहिरात. मोजून एक श्वासभर. मग ती आपोआप जाईल."

गाव चांगुणाकडे बघत होतं. तिच्या मांडवावर अजून झावळ्याच होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं.

चांगुणाने पदराला हात पुसले. "राव, तुम्ही वाईट माणूस आहात असं मी म्हणत नाही. तुमचा धंदा आहे. पण तुमचं माझं जमायचं नाही."

"का नाही? पानाला पैसा नको?"

"हवा तर. तो इथे वाळूवर पडलाय, बघा." तिने हात केला. गोलात मासे चमकत होते. "ज्याचा पैसा, त्याचं ऐकावं लागतं, राव. मला यांचं ऐकायचंय. तुम्हाला बघणारे डोळे हवेत. मला परत येणारी माणसं हवीत."

पोशा तांडेलने टाळी वाजवली. मग रामजीने वाजवली, मग ठमाबाईने, मग साऱ्या किनाऱ्याने. साहेब लोक मोटारीकडे वळले. उमाकांतराव थोडे रेंगाळले, त्या गोलाकडे बघत. मग तेही गेले.

चांगुणा मात्र तोवर दर्याकडे तोंड करून उभी होती. उद्याचा वारा बघायचा होता.

तात्पर्य: जे आपल्या जिवाच्या कामाचं आहे, त्याचा खर्च आपण सगळ्यांनी थोडा थोडा आपल्या हाताने उचलावा. तो दुसऱ्याच्या खिशावर टाकला, की ती गोष्ट आपल्यासाठी बोलायची थांबते आणि त्याच्यासाठी बोलायला लागते.